पाणी कितव्या दिवशी?

रविवारी सकाळी नऊ वाजता छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून एक टेम्पो ट्रॅव्हलर सुटते. तिकीट नाही. बसल्याबरोबर पोह्यांची प्लेट, कागदी कपात चहा आणि मांडीवर गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. माहितीपत्रकात निळा जलतरण तलाव आहे, त्यात एक गोरं कुटुंब पोहतंय. गाडी जिथे जाऊन थांबते तिथे बाभळी आहेत.

गेल्या रविवारी मी या गाडीत होतो. माझे साडूभाऊ वाळूजच्या एका कारखान्यातून तीस वर्षांनी मोकळे झाले. फंड, ग्रॅच्युइटी एकदम खात्यात येऊन पडली आणि त्याच आठवड्यापासून त्यांना फोन यायला लागले. या फोनवाल्यांना आधी कसं कळतं हे एक गूढच आहे. बायकोला कळायच्या आत त्यांना कळतं. आता साडूभाऊ दिवसातून चारदा म्हणतात, "पैसा बँकेत सडतो, जमिनीत वाढतो." हे वाक्य त्यांचं नाही. फोनवरच्या मुलीचं आहे.

मला सोबत नेलं ते अनुभवी माणूस म्हणून. माझा अनुभव एवढाच, की १९९८ साली मी शंभराच्या बॉण्डवर एक वीस बाय तीस घेतला होता. त्याचं पुढे येईलच.

गाडीत आम्ही चौदा जण. चौदाही जणांनी प्लॉट दाखवायला आलेल्या पोराला तेच चार प्रश्न विचारले. भाव काय? पाच वर्षांत डबल होईल का? लोन होतं का? कॅश किती द्यावी लागेल? पोरगा तयारीचा होता. "काका, मागच्या वर्षी नऊशे फूट होता, आज अठराशे, दिवाळीनंतर बावीसशे." मागे कुणीतरी पोह्याचा घास गिळून लगेच हिशेब सांगितला, म्हणजे तीन वर्षांत किती. आमच्याकडे लोक जमिनीला भविष्य विचारतात, जणू ती पिंगळा आहे. तिचा भूतकाळ कुणी विचारत नाही आणि पुढचा मंगळवार तर कुणीच नाही.

साइटवर उतरल्यावर पोराने हात लांब करून दाखवलं. "काका, समृद्धी टच." खरंच, कुंपणापलीकडून ट्रक पळताना दिसत होते. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पुरा झाला. पण त्यावर चढायला ठरावीक ठिकाणी वाट ठेवलीय. इकडे सावंगी, माळीवाडा अशी नावं तुम्ही पाट्यांवर वाचली असतील. मधे सगळं कुंपण. तुमच्या प्लॉटला समृद्धी टच असेल, तुम्हाला नाही. मी पोराला विचारलं, वर जायला सगळ्यात जवळची वाट कोणती आणि इथून किती किलोमीटर? तो म्हणाला, "सर, ते प्रोसेसमध्ये आहे." बरं, त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि साडूभाऊंकडे स्कूटर आहे. तेही असो.

"प्रोसेसमध्ये" हा शब्द त्या दिवशी मी अकरा वेळा ऐकला. एनए प्रोसेसमध्ये, लाइट प्रोसेसमध्ये, ड्रेनेज प्रोसेसमध्ये, अंतर्गत रस्ता प्रोसेसमध्ये. पाण्याच्या बाबतीत मात्र तो एकदम ठाम होता. "पाण्याचं टेन्शन घेऊ नका काका. नाथसागर आहे ना!"

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आहे, हे कबूल. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं. शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं. ते भरलं की वर्तमानपत्रात दरवाजांचे फोटो येतात, आपण गाड्या काढून पैठणला बघायला जातो, परत येतो आणि घरी नळ कोरडा. कारण साधं आहे. धरण खाली, शहर वर. प्रत्येक थेंब पंपाने चढवायचा. वीज गेली की पाणी गेलं, पाइप फुटला की पाणी गेलं. पंचाहत्तर सालची एक वाहिनी, एक्क्याण्णवच्या सुमाराची दुसरी. त्यांच्या जिवावर शहर कित्येक पटींनी वाढलं. म्हणून या शहरात वर्षानुवर्षं पाहुण्याला वेळ विचारण्याआधी विचारतात, "तुमच्याकडे कितव्या दिवशी?" पाचव्या दिवशीवाले नशीबवान. आठव्यावाले आमच्यासारखे. लग्नाची तारीख पंचांगात बघतात, हळदीची पाण्याच्या पाळीवर ठरते.

नवी योजना १६८० कोटींची होती. डिसेंबर २०२० मध्ये तिचं भूमिपूजन झालं. पुढे आकडा २७४० कोटींवर गेला. वाहिनी अडीच मीटर व्यासाची, आतून उंच माणूसही ताठ चालत जाईल एवढी. काम का रेंगाळलं म्हणून हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठाला वारंवार विचारावं लागलं. दरम्यान २०२२ च्या उन्हाळ्यात लोक हंडे घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा वर्षाची पाणीपट्टी ४०५० रुपयांवरून निम्म्यावर, म्हणजे २०२५ वर आणली. आठवड्याला एकदा पाणी धरलं तर पाळीला एकोणचाळीस रुपये पडतात. स्वस्त आहे. तक्रार नाही. टँकर मात्र पाळीवर चालत नाही.

आता साडूभाऊंच्या प्लॉटचं बघा. तो महापालिकेच्या हद्दीत नाही, योजनेच्या नकाशात नाही. म्हणजे नाथसागर आहे, पण तसा अरबी समुद्रही आहे.

साइटच्या बांधाला लागून एक म्हातारे शेतकरी कपाशीत उभे होते. त्यांच्याकडे गेलो. राम राम झालं. विचारलं, "बाबा, बोअरला पाणी कितीवर?" म्हातारे हसले. "कोणच्या महिन्यात?" या एका प्रतिप्रश्नात जितकी माहिती होती तितकी त्या सोळा पानी माहितीपत्रकात नव्हती. मग सांगितलं, "दिवाळीपर्यंत दोनशे फुटावर असतं. होळीनंतर शेजारच्याने साडेसातशे फूट घेतला, धुराळा निघाला." बाजूला वस्तीवर एक बाई टँकरखाली निळं पिंप सरकवत होती. टँकरवर मोबाइल नंबर रंगवलेला होता. मी तो टिपून घेतला. माझ्या मते त्या परिसरातला तोच एक भरवशाचा कागद.

जमीन घेणाऱ्यांचा हा घोळ आमच्याकडे जुना आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्ली उठवून देवगिरीला आणली. जागा सुंदर, किल्ला अभेद्य, मध्यवर्ती लोकेशन. आजच्या भाषेत सगळं "टच". थोड्याच वर्षांत परत दिल्ली. कारणं बरीच सांगतात, त्यात पाण्याचं एक असतंच. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचं शहर. त्याने उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी, नुसत्या उतारावर गावात आणून दिलं. नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीजबिल नाही. चारशे वर्षं झाली तरी इथल्या लोकांच्या तोंडी तिचं नाव आहे. या शहरात पाण्याचा प्रश्न जागा विकण्याआधी विचारणारा एकच डेव्हलपर होऊन गेला आणि तो हबशी होता.

तर पाणी झालं. आता सातबारा.

सातबारा मागणारे बरेच असतात, वाचणारे कमी. पोराने झेरॉक्स काढून ठेवली होती. सगळे जण मालकाचं नाव आणि गट नंबर बघून मान हलवत होते. खाली "इतर अधिकार" नावाचा रकाना असतो. तिथे बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाची नोंद असं सगळं निवांत बसलेलं असतं. वर भोगवटादार वर्ग १ की २, हे असतं. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. एका गृहस्थांना मी तो "२" दाखवला (आमच्या साइटचा नव्हे, त्यांनी आदल्या आठवड्यात दुसरीकडे टोकन दिलेल्या प्लॉटचा). ते म्हणाले, "मला वाटलं सेकंड क्वालिटी."

मराठवाड्यात हा वर्ग २ फार खोल जातो. आपण निजामाकडून १९४८ ला सुटलो, जमिनी एवढ्या लवकर सुटल्या नाहीत. कुणाला उपजीविकेसाठी दिलेली मदतमाश इनाम, कुणाला देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश. इनामं कायद्याने गेली, शेरे राहिले. म्हणून इथला जाणता वकील तीस वर्षांच्या फेरफारावर थांबत नाही, तो १९५४-५५ चं खासरा पत्रक मागतो. त्याच्याही मागे गेलात तर कागद उर्दूत. वक्फ मंडळाचं राज्याचं मुख्यालय याच शहरात, पाणचक्कीला आहे. तिथे जाऊन एक चौकशी करायला रिक्षाचं भाडं पडतं. वीस लाख गुंतवणाऱ्या माणसाला ते भाडं जड जातं हे मी अनेकदा पाहिलंय.

मी पोराला विचारलं, "मालकाला बहिणी किती?"

पोरगा गोंधळला. "बहिणी?"

"हो. वडिलोपार्जित आहे ना? मग बहिणी किती, त्यांची हक्कसोड नोंदणीकृत झालीय का?"

साडूभाऊंनी माझा दंड दाबला. मी एखाद्या मुलीच्या स्थळाची चौकशी करतोय असं त्यांना वाटलं असावं. पण २००५ च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतका वाटा दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, की हा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. चार भाऊ सह्या करतात, पैसे वाटून घेतात, गाड्या घेतात. मग परभणीला दिलेली बहीण, किंवा तिचा वकील झालेला मुलगा, एक दिवस नोटीस पाठवतो. त्यात तिची चूक काहीच नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हीही नाही.

आता माझा बॉण्ड. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे "प्लॉट बॉण्डवर आहे" असं म्हणतात, जसं "मुलगा नोकरीवर आहे" म्हणतात. एका दलालाने शेत विकत घेतलं, चुन्याने रेघा मारल्या, वीस बाय तीसचे चौकोन पाडले आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून विकले. खरेदीखत नाही, ले-आऊट मंजूर नाही. नकाशात "ओपन स्पेस" लिहिलेला एक चौकोन होता, मी तो बघूनच घेतला. समोर बाग होणार म्हणून. दोन वर्षांनी तिथे तीन घरं उभी राहिली. दलाल म्हणाला, "ओपनच होता साहेब, म्हणून विकला."

अशा शंभरावर वसाहती या शहरात आहेत. गुंठेवारी हा शब्द कायद्यात गेला तो २००१ साली. १ जानेवारी २००१ पूर्वीचं नियमित करू म्हणाले. मग २०२१ मध्ये ती रेघ ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली. मी दोन्ही वेळा रांगेत होतो. चलन भरलं, नकाशा काढला, वास्तुविशारदाची फी दिली. त्या फीमध्ये १९९८ साली शेजारचा मंजूर ले-आऊटमधला प्लॉट आला असता, हा हिशेब बायकोने काढलाय. मी काढत नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय, की नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही; मुखत्यारपत्र, बॉण्ड, ताबापावती यांनी तर नाहीच. तरी बॉण्ड चालूच. फरक एवढाच, की २०२४ पासून शंभराचा पाचशेचा झाला. महागाई सगळीकडेच आहे.

आणि तुम्ही घेतला, ठीक आहे. तुमच्याकडून कोण घेणार? हा प्रश्न नव्या गुंतवणूकदाराला सुचत नाही, कारण त्याला घ्यायची घाई असते आणि विकणं ही पाच वर्षांनंतरची गोष्ट. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला दहा गुंठे, जिरायतीला वीस गुंठे. त्याखालचा शेतजमिनीचा तुकडा विकायचा तर नोंदणीच अडते. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागाचं एक परिपत्रक निघालं आणि गुंठ्या-गुंठ्याचे व्यवहार राज्यभर जागच्या जागी थिजले. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी म्हणून प्लॉट ठेवला होता त्यांची लग्नं झाली, प्लॉट तसाच. ५ मे २०२२ ला इथल्याच खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. सरकार तिथे थांबलं नाही. मग २०२५ च्या जुलैत विधानसभेत घोषणा झाली, की १ जानेवारी २०२५ पर्यंतचे तुकडे नियमित करू. आज पडलेला तुकडा त्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे पोराला विचारा. तो काय म्हणेल ते तुम्हाला आता माहीत आहे.

साडूभाऊंचा मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, प्लॉट सोडा, देवळाईकडे फ्लॅट घ्या, भाडं येईल. त्याचा हिशेब आम्ही ट्रॅव्हलरच्या सावलीत माहितीपत्रकाच्या मागे मांडला. फ्लॅट चाळीस लाख. भाडं दहा हजार, तेही भाडेकरू चांगला मिळाला तर. वर्षाला एक लाख वीस हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून मालमत्ता कर गेला, सोसायटीचा मेंटेनन्स गेला, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी गेली, दोन भाडेकरूंच्या मधले दोन महिने रिकामे गेले, रंग गेला. उरले दोन. तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता सव्वीस हजार. दहा येतात, सव्वीस जातात. "पण किंमत वाढते ना," साडूभाऊ म्हणाले. वाढते. मग विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, जुलै २०२४ पासून महागाईची वजावट गेली. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. दलालाचे दोन टक्केही नव्हते.

मी हे बोलत असताना शेजारी एक तरुण जोडपं ऐकत होतं. नवरा म्हणाला, "काका, टोयोटा येतेय." आली पाहिजे. ३१ जुलै २०२४ ला करार झाला, बिडकीनला वीसेक हजार कोटींचा प्रकल्प, शहराचं भलंच होईल. पण टोयोटाची पहिली गाडी तिथून निघायची आहे आणि तिच्या नावावर प्लॉट मात्र आजूबाजूच्या दहा गावांत विकून झालेत. ऑरिक या उद्योगनगरीसाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली तेव्हा एकरी २३ लाख दिले होते. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे फुटाला त्रेपन्न रुपये. रस्ते, मोकळी जागा, सगळं वजा केलं तरी शंभरच्या आसपास. आम्हाला सांगितला जात होता तो अठराशे. मधली वर्षं, मधली कामं, मधला नफा, सगळं मान्य. पण "तुम्ही ही जमीन कधी आणि केवढ्याला घेतली?" हे चौदा जणांत कुणी विचारलं नाही. विचारायला लाज वाटते. विचारू नका, हरकत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ घरबसल्या दिसतो, त्यात मोबदला लिहिलेला असतो. लाज सांभाळून चौकशी करायची सोय सरकारने करून ठेवलीय.

रेराची सोयही तशीच. ५०० चौरस मीटरहून मोठा आणि आठांहून जास्त प्लॉटचा ले-आऊट असेल तर महारेराची नोंदणी लागते. फक्त इमारतींना लागते असा एक गोड गैरसमज आहे आणि तो पसरवणाऱ्यांना पोहे परवडतात. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. जाहिरातीत क्यूआर कोड असायलाच हवा. आमच्या माहितीपत्रकावरही एक होता. साडूभाऊंनी स्कॅन केला, तर पैसे भरायचं पान उघडलं.

काही प्रश्न तर केवळ या शहराचे आहेत आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या गुंतवणूकदाराला ते सुचणं शक्य नाही. बीबी का मकबरा दिसणारा फ्लॅट हवा असतो सगळ्यांना. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचा पट्टा; मकबरा दिसतो म्हणजे तोही तुम्हाला बघतोय. चिकलठाण्याकडे उंच इमारतीत वरचा मजला घेताना विमानतळाची उंचीची परवानगी कोणत्या मजल्यापर्यंत आहे? छावणीच्या कडेला लष्कराचं म्हणणं काय? खामच्या, सुखनाच्या काठी निळी पूररेषा कुठून जाते? नदी कोरडी असते म्हणून ती नदी नाही असं समजणारे लोक आहेत. नद्यांना ते ठाऊक नसतं.

आणि रस्ता. "साठ फुटी रोड टच" असं लिहिलेलं असतं, पण आज साठ की आराखड्यात साठ? आज वीस असेल आणि आराखड्यात साठ असेल, तर उरलेले चाळीस कुणाच्या अंगणातून येणार? २०२५ च्या जून-जुलैमध्ये मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड इथे जेसीबी फिरले तेव्हा हे उत्तर शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. वीस-वीस वर्षांची दुकानं. कर भरल्याच्या पावत्या होत्या, लाइट बिलं होती, परवानगी मात्र नव्हती. पावतीला लोक परवानगी समजत आले आणि कुणी हा समज दूर केला नाही, कारण कर तर येत होता. मुकुंदवाडीला एका दुकानदाराने शटर उपसून हातगाडीवर ठेवलं होतं आणि त्यावर बसून तो चहा पीत होता. त्याच्या मागे भिंतीवर दुकानाचं नाव अर्धं उरलं होतं. मी ओळखीचा म्हणून थांबलो, बोलायला काही सुचलं नाही. तो म्हणाला, "कोपऱ्याचं दुकान म्हणून दोन लाख जास्त दिले होते."

तर परत साइटवर. दुपारचा एक वाजला. ऊन तापलं. वीस लिटरचा एक जार ट्रॅव्हलरमधून आणला होता, तो साडेअकरालाच संपला होता. तरुण जोडप्याचं लेकरू पाणी मागत होतं. पोराने कुणाला तरी फोन लावला, परत लावला. "दुसरा जार येतोय काका. निघालाय." अर्ध्या तासाने साडूभाऊंनी विचारलं, कुठवर आला? पोरगा काय म्हणाला ते लिहीत नाही.

शेवटी मी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो. त्यांनी झाडाला टांगलेली कापडात गुंडाळलेली बाटली काढून दिली. आधी लेकराला पाजलं. मग साडूभाऊंनी दोन घोट घेतले, बाटली परत दिली आणि हातातला फोन, ज्यात टोकनचे अकरा हजार भरायचं पान मघापासून उघडं होतं, खिशात घातला. म्हाताऱ्यांना विचारलं, "बाबा, तुमची जमीन देणार का?"

"नाही बा," म्हातारे म्हणाले. "पाणी कुठंय."

येत्या रविवारीही गाडी आहे, सकाळी नऊ, क्रांती चौक. पोहे चांगले असतात, जरूर जा. पाण्याची बाटली तेवढी घरून न्या.